पाणी तोडायचे दिवस

कलिंगड नासतं ते बहुतेक खालून. वरून बघावं तर हिरवंगार, पट्टे नुकते रंगवल्यासारखे, आणि दोन्ही हातांनी उचलायला गेलं की बोटं भसकन आत जातात. जमिनीला टेकलेल्या बाजूला आमच्याकडं पोट म्हणतात. विकत घेणारा टिचक्या मारून आवाज ऐकत बसतो. पिकवणारा आधी पोट बघतो.

हे सगळं मी लग्नानंतर शिकले, कारण मी हुपरीची. माहेरी चांदीच्या पैंजणांचं काम, तेही घरातच. शेती मी एसटीच्या खिडकीतून बघितलेली. गडमुडशिंगीला सून म्हणून आले तेव्हा सासरे मला मळा दाखवायला घेऊन गेले आणि सगळा ऊसच दाखवला. ह्या अंगाला ऊस, त्या अंगाला ऊस, मध्ये विहीर. "हे आपलं," म्हणाले. मी म्हटलं, "छान आहे." दुसरं काय म्हणणार? उसात बघण्यासारखं काय असतं ते मला अजूनही कळलेलं नाही.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात, सासूबाईंना आत्ती. नवरा आपल्या वडिलांना आबा म्हणतो. तो तेव्हा फौंड्रीत होता. घरी यायचा तेव्हा कानांच्या पाळ्यांत काळी भुकटी असायची, आंघोळ करूनही ती जायची नाही. त्याला शेतीच करायची होती, पण ऊस नको होता. मामांना ऊस सोडून बाकी सगळं म्हणजे हौस वाटायची. बापलेकांचं यावर रोज संध्याकाळी वाजायचं, आणि रोज जेवणाच्या ताटावर मिटायचंही. आवाज दोघांचाही असा की शेजारच्या गल्लीला आमच्या घरात कशावरून चाललंय ते कळावं.

एका हिवाळ्यात विहिरीजवळच्या तुकड्यातला ऊस निघाला. नवी लागण व्हायला वेळ होता. मामा म्हणाले, "घे. एक उन्हाळा तुझा. काय करायचं ते कर."

नवऱ्यानं फौंड्री सोडली. कलिंगड जमलं तर तो शेतीत राहणार, नाही जमलं तर पुन्हा भट्टीपुढं जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्तींनी तर देवापुढं खण ठेवला होता. मलाही तो घरी राहायला हवा होता. दुपारी भाकरी घेऊन बांधावर जावं, त्यानं वेलांतून मान वर करून बघावं, एवढी माझी साधी हाव होती. त्या दोन-अडीच महिन्यांत ती पुरी झाली.

त्यानं काम मन लावून केलं. तण येऊ नये म्हणून वाफ्यांवर मल्चिंगचा काळा कागद अंथरला, ठिबकच्या नळ्या टाकल्या. फळं धरून नारळाएवढी झाली तेव्हा मला म्हणाला, "आता तुझं काम." ऊस निघाल्यावर उरलेलं पाचट आमच्याकडं काडी लावून मोकळं करायची रीत. त्यानं मामांशी भांडून ते राखून ठेवलं होतं. मी आणि आत्ती वाफ्यावाफ्यानं बसत गेलो आणि एकेका फळाखाली वाळल्या पाचटाची गादी केली. पोट ओल्या मातीला लागू नये, एवढाच हेतू. आत्ती म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणात मला एवढी गादी न्हवती." वेलावर पाय पडू द्यायचा नाही, फळ सारखं फिरवायचं नाही, कुठं कुजकं दिसलं तर ते उचलून बांधापलीकडं न्यायचं, तिथंच भिरकावायचं नाही. पैंजणाची घुंगरं हाताळणाऱ्या बोटांना हे काम जड गेलं नाही. मला ते आवडलंही होतं, पण तसं बोलले असते तर आत्तींनी सगळा मळाच माझ्या गळ्यात घातला असता.

मग पाणी तोडायचे दिवस आले.

तोडणीच्या आधी आठवडाभर कलिंगडाचं पाणी बंद करतात. वेलाला ताण बसतो, साखर उतरते, साल घट्ट होते. त्या दिवसांत पाणी दिलं तर फळ फुगून तडकतं आणि ओल्या मातीवरची पोटं सडायला लागतात. नवऱ्यानं हे मामांना समजावून सांगितलं. मामा "बरं" म्हणाले. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पण उसाच्या माणसाला पाणी नको म्हणायची सवयच नसते.

आमच्याकडं नदीचं पाणी उपसा सिंचनाच्या स्कीमच्या पाइपातून पाळीपाळीनं येतं. आपली पाळी आली की उठायचं. तेव्हा घरात पाहुणे असोत, कुणी आजारी असो, उठायचंच. पाळी हुकली की पाणी पुढच्याच्या रानात जातं, आणि पाळी हुकवणाऱ्याला गाव वेड्यात काढतं. आत्ती सांगतात, लग्नाच्या आदल्या दिवशी मामा हळदीच्या अंगानं उसाला पाणी पाजायला गेले होते आणि मांडवातली माणसं नवरदेव शोधत मळ्यात आली. हे सांगताना आत्ती हसतात. मामा हसत नाहीत. त्यात हसण्यासारखं काय ते त्यांना कळत नाही.

त्या दिवशी नवरा कागलला गेला होता. तिथले एक फळांचे व्यापारी, वडिलांपासून धंदा करणारे वयस्कर मुसलमान गृहस्थ, रमजानसाठी माल बघत होते. मी दुपारची भाकरी घेऊन मळ्यात गेले. बांधावर चढले आणि पायांत चिखल लागला. सरीसरीतून पाणी चाललं होतं. माझं आणि आत्तींचं पाचट पाण्यावर तरंगत पुढं जात होतं. मामा धोतर वर खोचून, खांद्यावर खोरं टाकून शेवटच्या वाफ्याशी उभे होते, आणि चेहरा असा की पोराच्या तोंडात घास घातलाय.

"मामा, हे काय केलं ओ?"

"काय केलं म्हंजे? वेलानं माना टाकल्यात. दिसत न्हाय व्हय तुला? पाळी आलती, म्हणून सोडलं."

"ह्यांनी पाणी तोडा म्हणून सांगितलं होतं."

"तोडलंतं की. ठिबक बंदच हाय. पर आलेलं पाणी सोडून द्यायचं व्हय? त्यो काय म्हणतोय, त्येला काय, त्यो यायच्या आत झाडं वाळली तर?"

दुपारच्या उन्हात कलिंगडाची पानं मलूल होतात आणि सांजच्याला पुन्हा उभी राहतात, हे नवऱ्यानं मला दाखवलं होतं. मी मामांना तसं म्हटलंही. मग त्यांनी पाण्याकडं बघितलं. पाणी शेवटच्या सरीच्या टोकाला पोचलं होतं, आता बंद करण्यात काही राहिलं नव्हतं. तरी त्यांनी जाऊन ते बंद केलं.

नवरा आला तो मोटरसायकलवरून शीळ घालत आला. व्यापारी माल बघायला यायला कबूल झाले होते. त्यानं बांधावरून सरीत बघितलं आणि शीळ थांबली. मी वाट बघत होते, आता ओरडेल, मग मामा ओरडतील, मग आत्ती दोघांवर ओरडतील. तो चपला काढून सरीत उतरला आणि एकेक फळ उचलून वाफ्यावर कोरड्या जागी ठेवायला लागला. मामा त्याच्या मागून दुसऱ्या सरीत उतरले. अंधार पडेपर्यंत आम्ही चौघंही तेच करत होतो. वेल ओढला जाऊ नये म्हणून फळ फार लांब नेता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून फळं तडकायला लागली. उभी चीर पडून लाल गर बाहेर यायचा आणि त्यावर माशा बसायच्या. व्यापारी आले तेव्हा बरीच फळं वरून चांगली दिसत होती. त्यांनी एक उचललं, उलटं केलं, पोटावर अंगठा दाबला. फळ पिकलं की पोटावर पिवळा डाग पडतो, त्याच्या कडेला पाण्यानं भिजल्यासारखी गर्द गोलाई होती. दुसरं उचललं, त्यावर पांढरी बुरशी कापसागत धरली होती. त्यांनी ते पुन्हा जागेवर ठेवलं, अगदी जपून.

"पाणी कवा दिलंतं, पावणं?"

मामा तिथंच उभे होते. मी जमिनीकडं बघितलं. नवरा म्हणाला, "माझ्याकडनंच चालू ऱ्हायलं. ध्यान न्हवतं."

व्यापाऱ्यांनी मान हलवली. मामांनी त्या वेळी खरं सांगायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. पण लेकानं परक्यासमोर झाकून घेतलेलं बापानं कसं उघडं करायचं, तेही मला कळतं.

निवडून निवडून माल भरला. देठ दोन बोटं राखून कापले, गाडीत पाचट अंथरलं, एकही फळ फेकलं नाही. काही उपयोग झाला नाही. जी चांगली वाटली होती तीही बाजारात ढिगाऱ्यात बसायला लागली. एक बसलं की त्याचं पाणी खालच्यावर उतरतं आणि तेही जातं. व्यापाऱ्यांचा फोन आला, फार सभ्यपणे बोलले. राहिलेला माल नवऱ्यानं बांधाच्या कडेला चर काढून पुरला. मामा खोरं घेऊन मदतीला गेले तर म्हणाला, "असू दे, आबा. मी करतो." त्याच्या आवाजात राग असता तर मामांना बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं फौंड्रीचे बूट काढून पुसले.

भांडण झालं असतं तर किती बरं झालं असतं. आमच्याकडं भांडण मोठ्यानं होतं आणि लवकर विरतं. हे झालंच नाही म्हणून विरलं नाही. घर एकदम शांत झालं. शेजारीण मला विचारायला आली, "कुणाला बरं न्हाय काय गं?" बापलेक एकमेकांशी नीट बोलायचे. चहा घेतला का, गाडीत पेट्रोल आहे का, असलं. शेतीचा शब्द दोघांच्या तोंडून गेला. संध्याकाळी एवढा निवांतपणा मला नकोसा व्हायचा. विमानतळ जवळ, विमान उतरताना घरावरून जायचं तेवढाच काय तो आवाज.

पुढच्या हिवाळ्यात दुसरा एक तुकडा मोकळा झाला. मामा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "त्यो कागद कुठनं आणलाता, विचार की त्येला."

"कुठला कागद?"

"काळा. अंथरायचा."

आत्ती चुलीपाशी होत्या, त्यांनी मागं वळून न बघता म्हटलं, "तुमास्नी तोंड न्हाय व्हय इचाराय?" मामा निघून गेले. मी रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला विचारलं. त्यानं दुकान सांगितलं.

तिथून मी पोस्टमन झाले. बी कुठलं घ्यायचं, विचार त्येला. रोप किती लांबीवर लावायचं, विचार त्येला. देठाशेजारचा बाळीसारखा तणावा वाळला म्हंजे फळ आलं म्हणायचं का, विचार त्येला. नवरा बूट सोडता सोडता उत्तर द्यायचा, मी सकाळी मळ्यात पोचवायचे. दोघं एकाच ओसरीवर झोपायचे, मध्ये चार हात अंतर, आणि मी हुपरीची बाई, मला कलिंगडातलं सगळं कळायला लागलं. वैताग यायचा. पण मामा असं का करतायत ते मला कळत होतं. त्यांना माफी मागता येत नव्हती. पीक चांगलं काढून दाखवायचं, मग पोरगा आपोआप मळ्यात येईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. एकदा पाचट अंथरताना बोललेही, "एक साल नीट निघू दे. मग फौंड्री सोडतोय का न्हाय बघ." त्यांचे गुडघे दुखायचे तरी ते स्वतः बसून गादी करायचे. आत्तींच्या गादीला नावं ठेवायचे.

मामांचं पहिलं वर्ष निम्मं गेलं. ते पाण्यानं नव्हे. तोडणाऱ्या माणसांनी सकाळी दव असताना फळं तोडली आणि साखळी करून एकमेकांकडं भिरकावली. मामा ओरडत राहिले, कुणी ऐकलं नाही. आपटलेलं फळ वरून काही दाखवत नाही, आत मऊ होत जातं. त्यानंतर मामांनी बाहेरची माणसं घेतली नाहीत. आम्ही तिघंच, ऊन चढून साल जरा सैल पडली की तोडायचो, आणि पोराला पाळण्यात ठेवावं तसं गाडीत ठेवायचो.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात ते झालं. पाणी तोडायचे दिवस आणि स्कीमची पाळी पुन्हा एकदम आली.

मामा सकाळीच मला म्हणाले, "आज तू माझ्यासंगं चल. बांधाला बस. मी उठाय लागलो तर मला बसव."

मला हसू आलं. त्यांचा चेहरा बघून ते गिळलं. आम्ही दोघं बांधाला, आंब्याच्या सावलीत बसलो. दुपार झाली, पानं मलूल झाली, वेल खरंच मेल्यासारखे दिसायला लागले. पाइपातून पाण्याचा आवाज आला. मामांचे हात गुडघ्यांवर होते, ते त्यांनी घट्ट धरले. शेजारच्या रानातला माणूस धावत आला. मामांची पाळी आहे आणि मामा बसून आहेत, हे त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

"मामा, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

"पाणी आलंय की."

"नको हाय. तू घे."

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "घ्या तुम्ही." तो गेला आणि आमच्या पाळीचं पाणी त्याच्या उसात शिरलं. त्या उसाची पानं वाऱ्यावर हलत होती. मामांनी तिकडं पाठ केली. ते रडत होते की घाम होता ते मी बघितलं नाही. दिवस कलला तशी कलिंगडाची पानं एकेक करून वर आली. मामा म्हणाले, "खरं बोलत हुता की त्यो."

रात्री मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं खाता खाता विचारलं, "आबा बसून ऱ्हायले?" मी म्हटलं, "सगळा वेळ." तो कितीतरी वेळ घास हातात धरून बसला. मला वाटलं, आता उठून ओसरीवर जाईल आणि बोलेल. मामांनाही बहुतेक तसंच वाटलं असावं, त्यांच्या खाटेचा आवाज थांबला होता. पण त्यानं घास खाल्ला आणि हात धुतला.

माल निघाला तो असा निघाला की कागलच्या व्यापाऱ्यांनी फळं उलटीपालटी करून बघितली आणि पोटावरचा डाग दाखवत आपल्या माणसाला म्हणाले, "ह्येला म्हणायचं पिवळं." एकही सडकं नव्हतं असं नाही, थोडी होतीच, ती आम्ही आधीच बाजूला काढली होती. मामा त्या दिवशी नवे कपडे घालून मळ्यात आले होते. नवऱ्याची सुट्टी होती. तोही येणार असं त्यांनी धरलं होतं, आणि माझ्या डोक्यावरून सारखं रस्त्याकडं बघत होते.

तो आला, पण दुपारी, फौंड्रीतूनच. सुट्टीच्या दिवशी साहेबांनी बोलावलं होतं. त्याला पर्मनंट केलं होतं. त्यानं हे मला बांधाच्या अलीकडंच सांगितलं आणि म्हणाला, "तूच सांग आबास्नी."

मी म्हटलं, "हो म्हणालास?"

"व्हय."

"मामा तुझ्यासाठी करतायत रे हे सगळं. तू परत यावास म्हणून."

त्यानं वाफ्यांकडं बघितलं. मामा एक फळ देठ राखून कापत होते, कापून झाल्यावर त्यांनी ते तळहातानं पुसलं. नवरा म्हणाला, "कशाला येऊ? त्येंचं आता माझ्याशिवाय जमतंय की." यात टोमणा नव्हता. त्याला खरंच बरं वाटत होतं.

मामांना मी सांगितलं. त्यांनी "झाक झालं" म्हटलं. मग व्यापाऱ्यांना थांबवून ढिगातली दहा-बारा फळं काढून घेतली, एकेक उचलून, पोट बघून, सगळ्यांत चांगली. संध्याकाळी ती गल्लीत घरोघर वाटली. लोक पेढे वाटतात, आमच्याकडं कलिंगडं वाटली. प्रत्येक दारात मामा मोठ्या आवाजात सांगत होते, "पोरगा पर्मनंट झाला. आणि ह्ये कलिंगाड त्येनंच शिकवलंय आमास्नी." कितीतरी दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज ऐकला. मी पाटी धरून मागं होते.

शेवटच्या घरातून परत येताना त्यांची चाल हळू झाली. मला म्हणाले, "पोरी, पर्मनंट म्हंजे आता काढत न्हाईत न्हवं?"

"नाही, मामा. आता काढत नाहीत."

"आणि त्यो बी सोडत न्हाय."

मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली रिकामी पाटी घेतली आणि घरी येईपर्यंत स्वतःच धरली.